तिरका दिवा

मुकातयकडे पुठ्ठ्यात कापलेली अक्षरं होती,
तीस वर्षांची, कडांना लाल रंगाचे पोपडे धरलेली.
त्यांतूनच त्यानं गावभर लिहिलं होतं
चिरायू होवो हे, चिरायू होवो ते,
आणि दर मे महिन्यात शाळेच्या भिंतीवर
जगाला शांती.
शांतीसाठी एक कबुतरही होतं वेगळं कापलेलं.
एकदा त्याचा डोळा भरत असताना
जमीन हलली, डोळा गालावर ओघळला.
त्यानं तो तसाच ठेवला. कुणी विचारलं नाही.

त्या फेब्रुवारीत आम्ही त्याच्याकडे गेलो
भिंतीला लावायच्या कागदाच्या चार गुंडाळ्या घेऊन,
पुढून फुलं, मागून कोऱ्या.
मी चौदा वर्षांची. माझं काम खळ ढवळायचं.
पीठ कुलपाशनं आणलं, शाळेच्या खानावळीतलं.
म्हणाली, भुकेच्या सालात माझ्या आईनं
चामड्याचा पट्टा उकळला होता,
आणि मी भिंतींना पीठ खाऊ घालते आहे.
म्हणाली, आणि आणखी एक मूठ टाकली.

काढायचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
सेमेयहून आलेला झानिबेक म्हणाला,
ढग काढा, अळंबीसारखा. सगळं जग ओळखतं.
ओरिनशा हसली. तिनं तो पाहिला होता.
मला ढग आठवत नाही, ती म्हणाली,
वास आठवतो, मेंढ्यांच्या करपलेल्या लोकरीचा.
तो काढ कागदावर.

कवटी, म्हणालं कुणी.
कवटी विजेच्या खांबांवर आहेच, तिला कोण भितं.
आजारी मूल, म्हणालं कुणी,
आणि मग कुणीच काही बोललं नाही,
कारण सौलेचा भाऊ दारातच बसला होता,
अठरा वर्षांचा, चार वर्षांच्या पोराएवढा,
आणि त्यानं मान वर करून
आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

मुकातयनं ब्रश काळ्यात बुडवला.
कागदाच्या वरच्या कडेपासून एक रेघ खाली आणली,
सरळ नव्हे, तिरकी.
तिच्या टोकाला एक दिवा.
संपलं.

हे काय, झानिबेक म्हणाला.
आमच्या नजरा तोवर छताकडे गेलेल्या.
रविवार सकाळ, चहाची वेळ,
कप वाजायच्या आधी, कपाटाच्या काचा बोलायच्या आधी
पहिला दिवाच सांगतो.
खिडक्या बंद, वारा नाही, आणि तो झुलतो.
आई म्हणायची, काही नाही, चहा धर.

खाली एक शब्द हवा होता: पुरे.
त्यासाठी नवी अक्षरं कापावी लागली नाहीत.
सगळी जुन्या घोषणांतच होती इतकी वर्षं,
भलत्या क्रमानं.

रात्री लावले. डाकघरावर, न्हाणीघरावर, दूधकेंद्रावर.
वारा असा की कागद उलटा अंगावर यायचा
आणि खळ बोटांवरच गोठायची.

सकाळी अर्धे गायब.
पोलीस नव्हेत, शेळ्या. खळ चाटता चाटता
दिवेही खाऊन गेल्या होत्या.
मुकातय इतका हसला की त्याला खोकला आला,
आणि मग नुसता खोकलाच उरला.
कुलपाशनं विचारलं, आणखी किती पीठ?

पोलीस आले ते गुरुवारी, खरवडण्या घेऊन.
दिवे निघाले. कागदाचा आतला थर निघेना,
भिंतीवर फुलं राहिली, फिकट गुलाबी, उलटी.
साहेबानं बराच वेळ फुलांकडे पाहिलं.
फुलांना कुठलं कलम लावायचं, ते त्याला सापडेना.

त्या रविवारी दिवा हलला.
आई चहा धर म्हणाली नाही.
ती उभ्यानं कोटाची बटणं लावत होती,
आणि मला म्हणाली, तुझाही घाल.